तोंडातली हवा

"उलटी आली तर रेग्युलेटर तोंडातून काढायचा नाही," गौरेश म्हणाला. "त्यातूनच करायची."

"त्यातूनच म्हणजे?"

"दातात घट्ट धरायचा, वरून हाताने दाबायचा आणि त्याच्या आतच ओकायचं. खालच्या भोकांतून बाहेर जातं सगळं. मग पुढचं हे बटण दाबायचं. हवेचा झोत येतो, उरलंसुरलं धुऊन निघतं. मग श्वास घ्यायचा."

"आणि काढून केली तर?"

"ओकून झाल्यावर माणूस काय करतो, काका? जोरात श्वास आत ओढतो. ते आपल्या हातात नसतं. त्या वेळी तोंडात रेग्युलेटर नसला तर समुद्र आत जातो."

आमच्या कॉलेजातला हेडक्लार्क कुठला फॉर्म कुठल्या खिडकीत द्यायचा हे ज्या सुरात सांगायचा, त्याच सुरात गौरेश हे सांगत होता. होडी हलत होती. मागे बाबल नावाचा होडीवाला इंजिन बंद करून नांगर टाकत होता. किनाऱ्यावरची माडांची रांग आता हिरव्या पेन्सिलीने मारलेल्या रेघेएवढी दिसत होती. जानेवारीचे दिवस होते, ऊन कोवळं होतं, आणि माझ्या पाठीवर हवेची एक लोखंडी टाकी बांधलेली होती, तिच्या नळीच्या टोकाला तोंडात धरायचा तो रेग्युलेटर.

"आणि समजा, या नळीतून हवाच आली नाही तर?"

"तर मी माझ्या तोंडातला काढून तुम्हाला देणार." त्याने तोंडासमोर हात धरून दाखवलं. "माझ्या गळ्यात हा पिवळा जादा आहे. तो मी घेणार."

"पिवळाच मला द्या की."

"पिवळा चालतोय की नाही ते तोंडात घेतल्यावर कळतं. तोंडातला चालतोय हे मला माहीत असतं. अडलेल्याला चालणारा द्यायचा." मग त्याने सहज विचारलं, "सकाळी काही खाल्लं नाही ना?"

"फक्त चहा," मी म्हणालो.

हे खोटं होतं. मी आठ घावनं खाल्ली होती, काळ्या वाटाण्याच्या उसळीबरोबर. उसळ दोनदा घेतली होती.

त्याचं कारण सांगायला हवं. मी साताऱ्याला राज्यशास्त्र शिकवायचो आणि तिथल्या एका दैनिकात दर रविवारी विनोदी लेख लिहायचो. माझी मुलगी शाल्मली समुद्रातल्या प्रवाळांचा अभ्यास करायला म्हणून मालवणला गेली आणि तीन वर्षांनी तिने घरी कळवलं की तिला गौरेश रेवंडकरशी लग्न करायचं आहे. तो लोकांना पाण्याखाली नेऊन आणतो. तिची आई सरळ नाही म्हणाली. मी म्हटलं, बघू. आमच्या घरात 'बघू' म्हणजे काय हे तिला लहानपणापासून माहीत होतं. ती म्हणाली, "बाबा, नाही म्हणायचं तर म्हण. पण आधी येऊन त्याला त्याच्या कामात बघ. मग म्हण. तू नाही म्हणालास तरी मी लग्न करणार आहे. फक्त तिथे तू नसशील. नंतरही नसशील."

माझ्या नकाराला तीन कारणं होती आणि तिन्ही सुशिक्षित होती. पावसाचे चार महिने धंदा बंद, साताऱ्यापासून सात तासांचा रस्ता, आणि रोज खोल पाण्यात उतरणारा नवरा. रेवंडकर मंडळी गाबीत, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीतली. हे मी केवळ माहितीसाठी सांगतो. तेव्हाही मी ते केवळ माहितीसाठीच लक्षात ठेवलं होतं. जातीवर मी पुष्कळ लेख लिहिले होते. सगळे इतरांच्या जातीयतेवर.

आता आठ घावनांचं. गौरेश पहाटेच टाक्या भरायला गेला होता. मी त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलो होतो आणि शाल्मली समोर बसून माझ्या हाताकडे बघत होती. मी किती खातो, कसं खातो, हे ती मोजत होती असं मला वाटलं. मी ठरवलं, या घरात कुणाला म्हणायला जागा ठेवायची नाही. चार खाऊन थांबलो असतो तर सभ्य दिसलं असतं. मी पुरोगामी दिसायला निघालो होतो.

"घेवा हो आणखी एक," गौरेशची आई म्हणाली. "इतक्याश्यान काय पोट भरता? चेडवाचो बापूस उपाशी उठलो तर लोक माका काय म्हणतले?"

मुलीचा बाप म्हणजे मीच. "वाढा," मी म्हणालो. असं मी आठ वेळा म्हणालो.

शाल्मली हळूच म्हणाली, "बाबा, तुला पाण्यात जायचंय."

"तू गौरेशला सांगू नकोस," मी म्हणालो. "उगाच त्या माउलीला बोलणी बसतील."

ती होडीत आली नाही. "तुम्ही दोघंच जा," म्हणाली. "मी आले की तू माझ्याशी बोलशील, त्याच्याशी नाही."

पाण्यात उतरताना मी घाबरलो नव्हतो असं मी पुढे अनेकांना सांगितलं. तेही खोटं. मास्क चढवला तेव्हाच मी बाबलला परतीची वेळ दोनदा विचारली होती. नांगराचा दोर धरून आम्ही खाली सरकायला लागलो. गौरेश माझ्यासमोर, त्याचा एक हात माझ्या छातीवरच्या पट्ट्यात. दर हातभर अंतरावर तो थांबायचा, नाक दाबून दाखवायचा. मी नाक दाबून कानात हवा भरायचो. डाव्या कानात कुणीतरी सळई फिरवत असल्यासारखं झालं, मग टक् असा आवाज होऊन ते थांबलं. माझा स्वतःचा श्वास मला ऐकू येत होता, आणि तो दुसऱ्याच कुणा दमेकरी माणसाचा वाटत होता.

तळ नऊ मीटरवर होता. तिथे एक मोठा खडक होता आणि त्यावर शेवाळाच्या लांब पट्ट्या. वर समुद्र शांत दिसत होता, पण खाली पाणी सगळंच्या सगळं एकदा किनाऱ्याकडे जायचं आणि पुन्हा मागे यायचं. शेवाळ जायचं, यायचं. मासे जायचे, यायचे. गौरेश जायचा, यायचा. मीही जायचो, यायचो, पण माझ्या पोटातली घावनं प्रत्येक वेळी थोडी मागे राहायची.

गौरेशने बोटांनी गोल करून विचारलं, ठीक? मी गोल करून सांगितलं, ठीक. सभ्य माणसाला कुणी कसे आहात विचारलं की तो दुसरं काही सांगतच नाही.

पहिली उबळ आली तेव्हा मी ती गिळली. लहानपणी एसटीत शिकलेली विद्या. डोळे मिटले तर घेरी वाढली, उघडले तर शेवाळ हलताना दिसलं. तोंडाला पाणी सुटलं, जिभेखाली कडवट झालं. वर बघितलं. होडीचा तळ एका काळ्या पानासारखा दिसत होता, तीन मजले वर. तेवढ्यात तोंडात गरम काहीतरी आलं.

मला सगळं आठवलं. दातात धर, दाब, आतच कर. आणि त्याच क्षणी माझ्या हाताने रेग्युलेटर धरला आणि बाहेर ओढायला सुरुवात केली. दुसऱ्याच्या वस्तूत, जी उद्या दुसरा कुणी तोंडात घालणार, तिच्यात ओकायचं नाही, असं कुणी मला शिकवलं होतं की नाही ते आठवत नाही. हाताला माहीत होतं.

तो अर्धा बाहेर आला असेल. गौरेशचा तळवा माझ्या तोंडावर आदळला. त्याने रेग्युलेटर परत आत कोंबला आणि त्यावर हात ठेवून असा दाबला की माझं डोकं मागे गेलं. दुसऱ्या हाताने माझा पट्टा धरलेला. आणि मी ओकलो. आत, दातांत, त्याच्या हाताखाली. ते सगळं खालच्या भोकांतून पांढऱ्या ढगासारखं बाहेर पडलं, आणि खडकामागून, शेवाळातून, जिथे काहीच नव्हतं तिथून मासे आले. पिवळे, काळ्या पट्ट्यांचे, शेकड्यांनी. माझ्या हनुवटीशी पंगत बसली. एक मासा माझ्या मास्कच्या काचेवर टोचा मारत होता. त्याला काचेवर काहीतरी लागलेलं दिसलं असावं.

गौरेशने बटण दाबलं. हवेचा झोत घशात गेला. मी श्वास घेतला आणि हवेबरोबर पाणी आलं. खारं, आंबट, गरम. मी खोकलो. पुन्हा श्वास, पुन्हा पाणी. त्याने पुन्हा बटण दाबलं, पुन्हा, आणि मी पुन्हा पाणीच प्यायलो.

मग मला फक्त वर जायचं होतं. दुसरा विचारच नव्हता. मी पाय झाडले आणि वर निघालो, आणि गौरेशने मला खाली ओढलं.

त्या क्षणाची भीती मला अजून नीट सांगता येत नाही. वर हवा होती, मला दिसत होती, सूर्य तिच्यावर नाचत होता. आणि एक माणूस मला तिच्यापर्यंत जाऊ देत नव्हता. मी त्याच्या मनगटावर नखं मारली. माझा हात लागून त्याचा मास्क कपाळावर सरकला. त्याचे उघडे डोळे त्या खाऱ्या पाण्यात माझ्याकडे बघत होते, आणि ते अगदी शांत होते. मला वाटलं, याला माहीत आहे. मी नाही म्हणायला आलोय हे याला माहीत आहे. हा मला इथेच ठेवणार. मी राज्यशास्त्राचा माणूस, हेतू शोधायची सवय असते.

त्याने एका हाताने मास्क खाली घेतला. मला धरलेला हात सोडला नाही. मग त्याने स्वतःच्या तोंडातला रेग्युलेटर काढला आणि माझ्यासमोर धरला. त्याच्या ओठांतून बारीक बुडबुड्यांची माळ वर चालली होती.

माझा केव्हाच तोंडातून निसटला होता. मी तोंड मिटलं आणि मान वळवली.

त्याने माझा जबडा धरला, मान सरळ केली आणि रेग्युलेटर आत घुसवला. बटण दाबलं. हवा आली. कोरडी, रबरी, भरपूर हवा. मी ती खाल्ली म्हटलं तरी चालेल. मग त्याने गळ्यातला पिवळा तोंडात घेतला, माझ्या डोळ्यांसमोर हात आडवा धरून 'सावकाश' असं सांगितलं, आणि आम्ही वर निघालो. तो मला घाई करू देत नव्हता. माझे बुडबुडे आमच्या पुढे जात होते. सगळा वेळ तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता.

वर आल्यावर होडीची कड धरून मी पुन्हा ओकलो. बाबलने वाकून बघितलं.

"पावणो ओकलो काय रे?"

"थंडी वाजली त्यांना," गौरेश म्हणाला. "पाणी दे."

आम्ही किनाऱ्यावर आलो. गौरेशच्या झोपडीवजा दुकानामागे गोड्या पाण्याचं पिंप होतं. त्यात त्याने सगळं सामान बुचकळलं आणि माझा रेग्युलेटर घेऊन वाळूवर बसला. एका छोट्या पकडीने झाकण फिरवून उघडलं. आतल्या रबराच्या पातळ चकतीखाली त्याने नख घातलं आणि काहीतरी काढून माझ्यासमोर धरलं. काळं, चिमुकलं साल.

"काळो वाटाणो," तो म्हणाला. "ही चकती बसली नाही की बाहेरचं पाणी आत येतं. फक्त चहा म्हणाला होतात, काका."

"तुमच्या आईने इतक्या प्रेमाने वाढलं."

"किती?"

"आठ."

त्याने साल टिचकीने वाळूत उडवलं. मी विचारलं, "मला वर का जाऊ दिलं नाही?"

"श्वास कोंडून तुम्ही वर गेला असतात. खाली छातीत भरलेली हवा वर जाताना फुगते. फुप्फुस फाटलं असतं. मालवणच्या दवाखान्यात पोचेपर्यंत..." त्याने वाक्य सोडून दिलं आणि चकती पुसायला लागला. त्याच्या मनगटावर माझ्या नखांचे चार ओरखडे होते, खाऱ्या पाण्याने पांढरे पडलेले.

मला तेव्हा मोठं मन दाखवावंसं वाटलं. हा क्षण चांगला आहे असंही वाटलं. वाळूवर बसल्या बसल्या मी शक्य तितकं गंभीर होऊन म्हणालो, "गौरेश, खरं सांगतो. मी नाही म्हणायला आलो होतो. पण आज तुम्ही माझा जीव वाचवलात. माझी काही हरकत नाही. लग्न होऊ द्या."

त्याने झाकण परत लावलं. घट्ट करून बघितलं. मग म्हणाला, "एक विचारू?"

"विचारा."

"मी अकरा वर्षं हे काम करतोय. सहा वर्षं अंदमानात, मग इथे. पाण्याखाली घाबरलेली माणसं पुष्कळ बघितली. हवा संपली की माणूस काय करतो माहीत आहे? हिसकावतो. समोरच्याच्या तोंडातून ओढून घेतो. माझा हा दात एका पंजाबी पाहुण्याने तोडलाय. सख्खा भाऊ भावाचं ओढून घेतो. ते पॅनिक. त्याचा राग नाही यायचा." त्याने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही मान वळवलीत."

"मला काही कळतच नव्हतं हो."

"तुम्ही आधी बघितलंत. माझ्या हाताकडे बघितलंत, मग माझ्या तोंडाकडे. मग वळवलीत."

समोर दोन परदेशी बायका फोटो काढत होत्या.

"तुमच्या नळीत पाणी होतं, छातीत हवा नव्हती, आणि मी हवा देत होतो," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "असा कुणी अजून भेटला नव्हता मला. म्हणून विचारलं."

मी खरंच आठवायचा प्रयत्न केला. नऊ मीटर खाली, मासे, हिरवा उजेड, आणि त्याच्या ओठांतून नुकतंच बाहेर आलेलं ते काळं रबर, त्यावर त्याची लाळ असणार, ती पाण्यात दिसत नव्हती, आणि मला ती दिसली. एवढंच. मेंदूला हवा मिळत नव्हती, विचार करायला जागा नव्हती. म्हणजे तो विचार नव्हता. तो त्याच्याही आधीचा होता. माझ्या आजीचा असेल, तिच्या आजीचा असेल. पण मान माझी होती.

"तुमचं लग्नाला हो आहे म्हणालात ना?" तो उठला, गुडघ्याची वाळू झटकली. "आता मला जरा विचार करायला पाहिजे."

"कशाचा?"

"लग्नाचाच. शाल्मली चांगली आहे. पण माझी आई उद्या तुमच्या घरी येणार, पाण्याचा तांब्या पुढे करणार. ती बिचारी बघत पण नाही कोण मान वळवतंय. मला बघावं लागेल."

तो टाक्या उचलून आत गेला. पाण्याखाली मी जेवढा घाबरलो होतो त्याला माप होतं, नऊ मीटर. आता जे सुरू झालं त्याला तळ लागेना.

दुपारभर मी त्यांच्या ओसरीवर आडवा पडून होतो. थंडी वाजली म्हणून गौरेशच्या आईने चादर आणून घातली, आल्याचा काढा दिला. तो मी एका घोटात प्यायलो, शहाण्या मुलासारखा. शाल्मली शेजारी येऊन बसली. तिचा चेहरा हसरा होता.

"गौरेश म्हणाला तू छान केलंस."

"एवढंच म्हणाला?"

"हो. का?"

त्याने मला एक दार उघडं ठेवलं होतं. मी गप्प राहिलो असतो तर तो कदाचित पुढची सगळी वर्षं गप्प राहिला असता. किंवा काहीतरी सांगून लग्न मोडलं असतं आणि तिला कारण कधी कळलं नसतं. दोन्ही मला सोयीचं होतं. मी दोन्हींचा नीट विचार केला. मग तिला सांगितलं. घावनं सांगितली, वाटाणा सांगितला, नखं सांगितली, आणि शेवटी मान सांगितली. ती सांगताना मी तिच्याकडे न बघता चादरीच्या दशा मोजत होतो.

तिने चादरीची दशा माझ्या हातातून सोडवली.

"त्याला कळलं?"

"त्यानेच मला सांगितलं. मी माझं मला पॅनिक म्हणून सांगत होतो."

"मरत होतास ना तू?"

"हो."

"तरी?"

"हो."

ती उठली. ओसरीच्या खांबाला हात लावून उभी राहिली. "मला वाटायचं, आई अवघड आहे आणि तू सोपा," ती म्हणाली. "तुझे लेख मी त्याला वाचून दाखवलेत, बाबा. तो हसायचा. आता मी त्याला काय तोंड दाखवू? मी कोणाची मुलगी आहे हे विसरायला त्याला किती वर्षं लागतील?"

"शाल्मली, त्याने विचार करतो म्हटलंय. तोडलं नाहीये."

"तू मला धीर देऊ नकोस," ती म्हणाली आणि किनाऱ्याकडे निघून गेली.

ती दिवेलागणीला परत आली. डोळे सुजले होते. "गौरेशने सकाळी सात वाजता बोलावलंय तुला," ती म्हणाली. "उपाशी पोटी."

"कशाला?"

"मला नाही सांगितलं. यायचं असेल तर यावं, म्हणाला. नाही आलास तरी चालेल म्हणाला." ती आत जाता जाता थांबली. "चालणार नाहीये, हे मला कळतं. तुलाही कळत असेल."

सातला मी गेलो. चहासुद्धा घेतला नव्हता. गौरेशने माझ्या पाठीला टाकी बांधली आणि आज माझ्याही गळ्यात एक पिवळा जादा अडकवला. होडी नव्हती. आम्ही चालतच पाण्यात शिरलो, छातीएवढ्या पाण्यात थांबलो.

"ड्रिल चुकलं की परत करावं लागतं," तो म्हणाला. "माझ्याकडे शिकणाऱ्या सगळ्यांना करावं लागतं. पोलीस असो, डॉक्टर असो. मी हवा देणार, तुम्ही घ्यायची. कधी नको वाटलं तर उभं राहायचं, डोकं बाहेर येतं. घरी जायचं. जबरदस्ती नाही."

आम्ही गुडघ्यांवर बसलो. पाणी डोक्यावरून गेलं. वाळू, दोन शिंपले, गढूळ हिरवा उजेड. त्याने तोंडातला काढला आणि पुढे केला. मी माझा सोडला, त्याचा हातात घेतला आणि पाण्यात दोनदा हलवला.

मी तो विसळला होता. पाण्याच्या भांड्यासारखा. पाण्याखाली बसून.

गौरेशने मान हलवली. पुन्हा.

दुसऱ्या वेळी मी हलवला नाही, पण अंगठ्याने कड पुसली. पुन्हा. तिसऱ्या वेळी सगळं नीट केलं आणि तोंडात घालताना डोळे मिटले. त्याने माझ्या मास्कवर बोटाने टकटक केलं. डोळे उघडे. पुन्हा. चौथ्या वेळी रेग्युलेटर माझ्या हातातून निसटून वाळूत पडला आणि मी उभा राहिलो. डोकं बाहेर आलं. ऊन पडलं होतं. लांब किनाऱ्यावर शाल्मली वाळूत बसलेली दिसली, गुडघ्यांना मिठी मारून. ती आलीय हे मला माहीत नव्हतं. गौरेश खालीच होता, वर आला नाही. त्याचे बुडबुडे माझ्या छातीशी फुटत होते.

मी पुन्हा खाली बसलो.

पाचवी, सहावी. सातव्या वेळी मी काहीच केलं नाही. त्याने दिला, मी घेतला, तोंडात घातला, श्वास घेतला. त्याच्या तोंडाची ऊब रबरावर होती. तिला चव नव्हती. इतक्या वर्षांत मला असं कुणी सांगितलं नव्हतं की तिला चवच नसते.

त्याने बोटांनी गोल केला. मी गोल केला. मला वाटलं, झालं.

पण तो उठला नाही. मी त्याचा त्याला देऊन माझा रेग्युलेटर परत तोंडात घेतल्यावर त्याने आपला तोंडातून काढून मागे टाकला, आणि आडवा हात स्वतःच्या गळ्यासमोर दोनदा फिरवला. ही खूण त्याने मला होडीत शिकवली होती. माझ्याकडे हवा नाही. मग त्याने तळहात पुढे केला.

मला समजायला थोडा वेळ लागला. माझ्या तोंडात होता तो कालचाच होता. ज्यात मी ओकलो होतो, ज्यातून त्याने साल काढलं होतं. मी तो तोंडातून काढला आणि त्याच्यापुढे धरला. तो आता काय करेल ते मला माहीत नव्हतं. त्याने मान वळवली असती तर ते रास्तच होतं. तेवढ्यासाठीच त्याने मला बोलावलं असेल असंही मला वाटून गेलं. मी त्याच्या जागी असतो तर तेवढ्यासाठीच बोलावलं असतं.

त्याने माझ्या हातातून घेतला आणि सरळ तोंडात घातला. डोळे उघडे होते, माझ्याकडेच बघत होते. एक श्वास घेतला. सोडला. दुसरा घेतला. कुठे काही हललं नाही, पापणीसुद्धा.

मी तसाच बघत राहिलो, रिकाम्या तोंडाने. माझ्या गळ्यातला पिवळा मी घ्यायला हवा होता, ते मी साफ विसरलो होतो. त्याने बोट करून दाखवला तेव्हा घेतला.

वर आल्यावर दोघांनी मास्क काढले. तो नाकातलं पाणी शिंकरत होता. किनाऱ्यावर शाल्मली उभी राहिली होती, पण पुढे येत नव्हती.

"हो म्हणून तिला तुम्ही सांगताय की मी सांगू?" गौरेशने विचारलं.

"तूच सांग," मी म्हणालो. "मला अजून धाप लागलीय."